हुकूम पुढच्या रविवारपर्यंत

मनोरीच्या वाळूवर बुवांना कोणी प्रार्थना करायला सांगितली नसती, तर त्या दिवशी आमची जेवणं वेळेवर झाली असती.

आमच्या मंडळीची, म्हणजे आमच्या चर्चची, सहल होती. सतरंज्या अंथरल्या होत्या, वडे आणि कोंबडीची पातेली उघडली होती, माणसं हात धुऊन बसली होती. सहलीची व्यवस्था माझ्याकडे होती, त्यामुळे सगळं वेळच्या वेळी चाललं होतं. मी म्हटलं, "बुवा, जेवणाची प्रार्थना करा."

बुवांनी खाडीच्या दिशेने, म्हणजे आम्ही जिथून होडीने आलो त्या बाजूला बोट दाखवलं आणि म्हणाले, "हंय माझो हुकूम चालत नाय. थंय बोरिवलीक मी प्रचारक. हंय नुसतो माणूस."

"नुसता माणूसही प्रार्थना करू शकतो की."

"करू शकता. पण तुम्ही माका प्रचारक म्हणून सांगताय. माणूस म्हणून सांगलास तर मी मनात केलीय कधीच."

शेवटी माझ्या वडिलांनी प्रार्थना केली. माझे वडील संधी मिळाली की देशाच्या सरकारपासून सुरुवात करत. कोंबडी गार झाली.

बुवा मूळचे वेंगुर्ल्याचे. परळच्या गिरणीत जन्म काढलेला, राहायला दहिसरच्या चाळीत. भजन असं गायचे की चाळीतले हिंदू शेजारीही त्यांना बुवाच म्हणत. तेच नाव आमच्याकडे आलं आणि चिकटलं. आमची मंडळी लहान. बोरिवली पूर्वेला एका शाळेचा हॉल रविवारी मिळायचा, तिथे उपासना व्हायची. पूर्णवेळ पाळक आम्हाला परवडत नव्हता. आमच्यासारख्या सगळ्या मंडळ्यांवर प्रेस्बिटरी नावाची एक मोठी सभा असते. तिने बुवांना आमच्यासाठी नेमलं होतं.

ही नेमणूक म्हणजे दीक्षा नव्हे. दीक्षा मिळालेला पाळक कुठेही गेला तरी पाळकच असतो. नेमलेल्या कार्यकर्त्याचं तसं नाही. त्याला मुदत असते, हद्द असते आणि कामं ठरवून दिलेली असतात. बुवांनी प्रवचन करायचं, आजाऱ्यांना भेटायचं, मुलांना शास्त्र शिकवायचं. बाप्तिस्मा द्यायचा नाही, प्रभुभोजन द्यायचं नाही, आणि उपासनेच्या शेवटी हात उंचावून आशीर्वाद द्यायचा नाही. इतर मंडळ्यांतले नेमलेले कार्यकर्ते हात थोडेसे, म्हणजे कोपरापर्यंत, उचलून घेत. बुवा मात्र ती वेळ आली की दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभे राहायचे. पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याला वाटायचं, यांना कोणीतरी अटक करून आणलंय.

नेमणुकीच्या पत्राला ते हुकूम म्हणायचे. पत्रात 'बोरिवली व दहिसर परिसर' असं लिहिलं होतं. बुवांनी त्याच्या सीमा स्वतः ठरवल्या: उत्तरेला चेकनाका, दक्षिणेला पोईसरची नदी. नदीपलीकडे कांदिवलीत कोणी आजारी असलं तर ते भेटायला जायचे, पण शास्त्र पिशवीतून बाहेर काढायचे नाहीत.

मी एकदा वैतागून विचारलं, "हे जरा जास्त होत नाही का?"

"तू गिरणीत काम केलंस?" ते म्हणाले. "नाय ना? मग ऐक. पर्मनंट आणि बदली असे दोन कामगार असतत. पर्मनंट माणसाक गेट कधी अडवत नाय. बदलीवाल्याने रोज सकाळी गेटवर उभा रवायचा. कोणी खाडा केलो तर आत घेतत, त्या दिवसापुरतो. मी इतकी वर्षं बदली केलंय, माका सवय आसा. दीक्षावाले पर्मनंट. मी देवाचो बदली."

दरवर्षी मार्चअखेर त्यांचा हुकूम संपायचा. नव्या वर्षाचं पत्र कधी वेळेवर यायचं, कधी प्रेस्बिटरीच्या कचेरीत अडकायचं. पत्र नसेल त्या रविवारी बुवा मंडळीच्या कपाटाची किल्ली माझ्यापुढे ठेवून शेवटच्या बाकावर जाऊन बसायचे. मी मंडळीची सेक्रेटरी होते. अंधेरीच्या ऑफिसात मला टाइपरायटर वापरायला मिळायचा, एवढीच माझी पात्रता. त्या रविवारी प्रवचन कोण करणार ही माझी डोकेदुखी. एकदा तर टेलिफोन खात्यातल्या एका गृहस्थांनी माशाच्या पोटात गेलेल्या योनाच्या गोष्टीवर बोलता बोलता माशांचे प्रकार सांगितले. मागून बुवा मन लावून ऐकत होते. नंतर म्हणाले, "सुरमईचा चुकला, बाकी बरोबर."

खोटं बोलणं त्यांना जमायचं नाही. आणि खोटं म्हणजे काय, याची त्यांची व्याख्या फार रुंद होती. "कसे आहात बुवा?" असं सहज विचारणाऱ्याला ते पोटापासून गुडघ्यापर्यंत सगळं सांगायचे. बाहेरून आलेल्या एका मोठ्या उपदेशकांनी उपासनेनंतर त्यांचा हात धरून विचारलं, "कसं वाटलं प्रवचन?"

"दोनदा झोप लागली," बुवा म्हणाले. "दुसऱ्यांदा जाग आली तेव्हाही ताच चालू होता."

झोपेचं त्यांना वावडं नव्हतंच. दवाखान्यात आजाऱ्याला भेटायला जाताना थर्मासमध्ये पेज न्यायचे. ती पाजायची, छोटी प्रार्थना करायची आणि मग स्टुलावर बसल्या बसल्या चक्क घोरायचं. नातेवाईक माझ्याकडे तक्रारी आणायचे. तक्रार आजाऱ्याने कधी केली नाही. माझ्या आईचं ऑपरेशन झालं तेव्हा ती म्हणाली, "बाकी सगळे येऊन मला धीर देतात. दमायला होतं. बुवा येतात आणि झोपतात. मग मलाही झोप लागते."

आता टीचरांबद्दल सांगितलं पाहिजे. टीचर मिरजेकडच्या. कडक इस्त्रीची साडी, केसांत एकही चुकार बट नाही. शाळेत गणित शिकवायच्या आणि आमची पायपेटी वाजवायच्या. पायपेटी म्हणजे पायांनी भाता हलवून वाजवायचा ऑर्गन. हा ऑर्गन टीचरांच्या वडिलांनी मंडळीला दिलेला. जुनी गीतं जुन्या चालीवर, जुन्याच वेगात वाजली पाहिजेत असा टीचरांचा आग्रह होता. तो वेग फार संथ होता. बुवा लहानपणापासून गावच्या डबलबारीत, म्हणजे भजनाच्या सामन्यात, वाढलेले. त्यांना दुसऱ्या ओळीपासून दम निघायचा नाही. खिशातून झांज काढायचे आणि निघायचे. टीचर पहिल्या कडव्यात असताना बुवा दुसऱ्यात. पुरुष बुवांच्या मागे, बायका टीचरांबरोबर. शेवटचं 'आमेन' दोनदा व्हायचं.

एका गुड फ्रायडेला सगळं फुटलं. दुःखाचं गीत, तीन तासांची उपासना, उकाडा. टीचर नेहमीपेक्षाही हळू वाजवत होत्या. बुवा मध्येच थांबले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "टीचर, पेटी वाजवताय की विहिरीतून पाणी ओढताय?"

टीचरांनी पेटीचं झाकण लावलं, कुलूप घातलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि उरलेली उपासना ताठ मानेने ऐकली. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. त्यांच्यात निरोप्या मी.

"त्यांना सांग, पहिलं गीत बदललंय."

"तेंका सांग, माका कळलां."

दोघांत अंतर तीन खुर्च्यांचं. पेटी फक्त टीचरांच्या मर्जीने उघडायची. बऱ्याच रविवारी उघडायचीच नाही.

त्याच काळात गिरण्यांचा संप झाला आणि बुवांची गिरणी परत चालू झालीच नाही. ते त्याबद्दल फारसं बोलले नाहीत. एकदाच, उपासनेनंतर खुर्च्या रचताना म्हणाले, "आता ह्यां एकच गेट रवलां."

पुढच्या मार्चला प्रेस्बिटरीचं पत्र आलं. यापुढे कार्यकर्त्यांच्या नेमणुका नुसत्या पत्राने होणार नाहीत. भर उपासनेत, मंडळीसमोर विधी होईल. शहरातून एक पाळकसाहेब येऊन प्रश्न विचारतील, कार्यकर्ता उत्तरं देईल, मग नेमणूक जाहीर होईल. ज्या मंडळीत विधी होणार नाही, तिला अंधेरीच्या मंडळीला जोडण्यात येईल. म्हणजे बुवांचं काम जाणार आणि आमचा रविवारही.

प्रश्नांचा कागद घेऊन मी आधीच बुवांच्या चाळीत गेले. तयारीशिवाय मी कुठलाही कार्यक्रम होऊ देत नाही.

"उत्तर एकच आहे," मी म्हटलं. "प्रत्येक वेळी 'होय, देवाच्या साहाय्याने'. बस."

बुवांनी चष्मा लावला. पवित्र शास्त्रावर विश्वास आहे का? होय. प्रेस्बिटरीच्या अधीन राहाल का? होय. आजारी व गरजवंतांची सेवा कराल का? होय. चौथ्याला थांबले.

"मंडळीतील सर्व सहकाऱ्यांशी सलोख्याने वागाल काय," त्यांनी मोठ्याने वाचलं. "सर्व म्हणजे कोण कोण गो?"

"सर्व म्हणजे सर्व."

"टीचर धरून?"

"धरून."

त्यांनी कागदाची घडी घातली. "बघूया," म्हणाले.

मी त्याचा अर्थ 'होय' असा घेतला आणि जेवणाची ऑर्डर देऊन टाकली.

त्या रविवारी हॉल भरला होता. मोठा प्रसंग म्हणून टीचरांनी पेटी उघडली होती आणि त्या आमच्याकडे पाठ करून तिच्यासमोर बसल्या होत्या. शहरातले पाळकसाहेब उंच, घाईतले होते. त्यांना दुपारी दादरला एक लग्न लावायचं होतं. बुवा पांढऱ्या सदऱ्यात पुढे उभे राहिले. पहिला प्रश्न. "होय, देवाच्या साहाय्याने." दुसरा. "होय, देवाच्या साहाय्याने." तिसरा. तसंच. चौथा प्रश्न झाला.

बुवा म्हणाले, "नाय."

पाळकसाहेबांना वाटलं, बुवांना ऐकू आलं नाही. त्यांनी प्रश्न मोठ्याने वाचला.

"ऐकलंय मी, साहेब. पयल्या तिनांक होय. ह्येका नाय."

"अहो, हा विधी आहे."

"म्हणान तर सांगतंय. हंय खोटा बोललंय, तर खरा खंय बोलू?"

पाळकसाहेबांनी विधीच्या पुस्तकाचं पान उलटलं, परत उलटलं. पुस्तकात 'होय'च्या पुढची सगळी वाक्यं छापलेली होती. 'नाय'च्या पुढे काही नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या कार्यक्रमपत्रिकेत यानंतर पाचवा प्रश्न, गीत आणि जेवण होतं.

मग त्यांनी जो प्रश्न विचारायला नको होता तो विचारला. "कोणाशी सलोखा नाही तुमचा?"

"टीचरांशी."

सगळ्या माना पेटीकडे वळल्या. टीचर वळल्या नाहीत. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "त्यांना सांगा, माझंही उत्तर तेच आहे."

मागे कोणीतरी हसलं. मग सगळेच बोलायला लागले.

"होय म्हणून टाका हो बुवा, पोरं भुकेली आहेत!"

"लग्नात सगळेच होय म्हणतात, पाळतं कोण?" हे एका बाईंनी म्हटलं. शेजारी त्यांचे यजमान बसले होते. ते छताकडे बघायला लागले.

माझे वडील मंडळीचे वडील होते, म्हणजे निवडलेल्या पंचांपैकी एक. ते उठून म्हणाले, "साहेब, तो प्रश्न गाळा ना. बाकीचे विचारा."

"गाळता येत नाही." पाळकसाहेबांनी घड्याळ पाहिलं. "मला खेद वाटतो, पण नेमणूक पूर्ण झाली असं मी जाहीर करू शकत नाही. मी प्रेस्बिटरीला तसं कळवीन. पुढे काय ते सभा ठरवेल."

सभा काय ठरवणार ते हॉलमध्ये सगळ्यांना माहीत होतं. बुवांनी मान हलवली, जणू गेटवर 'आज काम नाही' असं सांगितलं होतं. खिशातून कपाटाची किल्ली काढून माझ्यासमोर ठेवली आणि मधल्या वाटेने शेवटच्या बाकाकडे चालायला लागले.

ते निम्म्यात पोचले तेव्हा स्टूल करकरलं. टीचर वळल्या होत्या.

"कुठे निघालात?"

गुड फ्रायडेनंतर टीचर थेट त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलत होत्या. बुवा थांबले. "हुकूम नाय. माझी जागा मागे."

"मागे बसलात म्हणजे सुटलात की काय? इकडे या. सलोखा हवा म्हणजे नक्की काय हवंय तुम्हाला? मी भरभर वाजवू?"

"जरा."

"जरा म्हणजे किती? मी गणित शिकवते."

बुवांनी बाकाच्या पाठीवर बोटांनी ठेका धरून दाखवला. टीचरांनी नाक मुरडलं. "हा काय वेग आहे? ही उपासना आहे, तुमची डबलबारी नाही."

"मग तुमचो वेग दाखवा."

टीचरांनी दोन ओळी वाजवल्या. बुवांनी डोळे मिटून घेतले. सहन होत नसल्यासारखे.

पाळकसाहेब काहीतरी बोलायला गेले. माझ्या वडिलांनी त्यांचा कोट धरला. "साहेब, थांबा. वर्षभरात पहिल्यांदाच बोलताहेत."

मग भर उपासनेत सौदा झाला. दर रविवारी एक गीत बुवांचं, त्यांच्या वेगात, पेटीने मागे चालायचं. बाकीची टीचरांची, आणि त्यांत बुवांनी एक शब्दही पुढे जायचं नाही.

"आणि झांज?" टीचरांनी विचारलं.

"माझ्या गीताक वाजतली. तुमच्या गीताक बाकाखाली."

"आणि ते विहिरीचं?"

"त्यां मी मागे घेतंय. पण तुम्ही कुलूप काढूचा."

"काढीन."

पाळकसाहेब घाईघाईने पुस्तक उघडून उभे राहिले. "मंडळीतील सर्व सहकाऱ्यांशी तुम्ही सलोख्याने वागाल काय?"

बुवांनी आधी टीचरांकडे पाहिलं.

"येतल्या आयतवारापर्यंत, होय," ते म्हणाले. "देवाच्या साहाय्याने."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर परत इचारा. बदली माणूस वर्षभराचा कसा सांगतलो?"

पाळकसाहेबांनी पुन्हा घड्याळ पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं, आणि पाचव्या प्रश्नाकडे गेले. प्रेस्बिटरीला त्यांनी काय कळवलं ते मला कधी समजलं नाही. पण अंधेरीला आम्हाला कोणी जोडलं नाही, आणि पुढे दर मार्चला पत्र येत राहिलं.

तेव्हापासून आमच्या मंडळीत एक प्रथा पडली. तशी प्रथा मी दुसऱ्या कुठल्याही मंडळीत पाहिलेली नाही. दर रविवारी पहिल्या गीताआधी मी उठायची आणि चौथा प्रश्न विचारायची. बुवा उत्तर द्यायचे, मग टीचर द्यायच्या. बहुतेक वेळा 'होय, येत्या रविवारपर्यंत' असं यायचं. कधी एखाद्या रविवारी दोघांपैकी कोणी 'नाही' म्हणायचं. मग ते दोघं हॉलच्या कोपऱ्यात जायचे, हातवारे व्हायचे, आम्ही बसून राहायचो. उपासना उशिरा सुरू व्हायची. व्यवस्थेच्या दृष्टीने हा प्रकार वाईट होता. मी तसं दोघांना सांगितलंही. टीचर म्हणाल्या, "आधी भांडून घेतलं की गाताना त्रास होत नाही." बुवा म्हणाले, "ह्या बरोबर बोलतत." दोघांचं कशावर तरी एकमत झालेलं मी तेव्हाच ऐकलं. तेही माझ्याविरुद्ध.

काही वर्षांनी बुवांची नजर अधू झाली. मुलगा त्यांना वेंगुर्ल्याला न्यायला आला. बोरिवलीहून त्यांची एस.टी.ची गाडी सुटायची होती. आम्ही बरेचजण पोचवायला गेलो. टीचरही आल्या, इस्त्रीच्या साडीत, हातात डब्याची पिशवी. बुवांनी प्रार्थना केली. ती जागा हद्दीत होती. मग पिशवीतून नेमणुकीचं पत्र काढून माझ्या हातात दिलं.

"संपलो हुकूम," ते म्हणाले.

टीचर म्हणाल्या, "म्हणजे आता सलोख्याचं बंधन नाही तुमच्यावर."

"नाय."

"मग?"

बुवा गाडीत चढले. खिडकीशी बसून टीचरांचा डबा मांडीवर घेतला, झाकण उघडून वास घेतला. "मग आता आपसूकच," म्हणाले.

आम्हाला पाळक मिळाला तो त्यानंतरच्या वर्षी. तरुण, शिकलेला, दीक्षा झालेला. पर्मनंट. पहिल्या रविवारी त्याने हसून सगळ्यांचं स्वागत केलं, गीताचा क्रमांक सांगितला आणि टीचरांकडे पाहिलं. टीचरांचे हात मांडीवर होते.

"टीचर, सुरू करा ना."

"आधी विचारू द्या."

"काय?"

मी उठले. सवयीने उभी राहिले आणि चौथा प्रश्न विचारला. त्याला वाटलं, मंडळीने स्वागताचं काही ठरवलंय. खूष होऊन म्हणाला, "होय! अर्थात! नेहमीच!"

"नेहमीच नको," टीचर म्हणाल्या. "पुढच्या रविवारपर्यंत सांगा."

तो गोंधळला. मग तसं म्हणाला. टीचर पेटीकडे वळल्या, पाय भात्यावर ठेवले आणि पहिलं गीत सुरू केलं. ते बुवांचं नव्हतं, टीचरांचंच होतं, जुनं, संथ. पण दुसऱ्या ओळीपासून त्यांनी असा वेग धरला की आम्ही सगळे मागे पडलो. नवा पाळक तोंड उघडं ठेवून उभा राहिला, आणि आम्ही पहिल्या कडव्याच्या मध्यावर होतो तेव्हा टीचर दुसऱ्यात शिरल्या होत्या.